जिना चढताना पाय का थकतात? वय, हार्मोन्स आणि व्यायाम यांचा स्नायूंवर नेमका काय परिणाम होतो?

डोंबिवली स्टेशनचा पूल, सकाळची गर्दी. सरकता जिना नेमका बंद आहे आणि इंडिकेटरवर फास्ट लोकलला दोन मिनिटं उरली आहेत. कॉलेजची मुलं एक एक पायरी गाळत वर पोहोचतात. पंचेचाळिशीचे काका मध्येच थांबून मोबाइल बघितल्यासारखं करतात. साठीच्या काकू रेलिंग धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढतात.

या काका-काकूंना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, 'वय झालं आता.' जिममध्ये जाणारा त्यांचा पुतण्या म्हणतो, 'टेस्टोस्टेरॉन कमी झालं असेल.' डॉक्टर म्हणतात, 'व्यायाम करा.' तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण या तीन कारणांचं वजन सारखं नाही. वय आपल्या हातात नाही, हार्मोन्स थोडे आहेत आणि व्यायाम बऱ्यापैकी आहे. हा फरक समजला नाही, तर पैसे इंजेक्शनवर जातात आणि पाय तसेच थकलेले राहतात.

हे सगळं समजून घेऊया, टप्प्याटप्प्याने.

दम लागणं आणि ताकद नसणं, एकच आहे का?

नाही. पूल चढल्यावर छाती धपापत असेल, तर तो प्रश्न मुख्यतः हृदय आणि फुप्फुसांच्या क्षमतेचा असतो. श्वास ठीक आहे, पण मांड्या भरून येतात, खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो, भाजीची पिशवी वर नेता येत नाही, असं होत असेल तर प्रश्न स्नायूंच्या ताकदीचा असतो. अनेकांना दोन्ही त्रास एकत्र असतात.

आणखी एक गोष्ट. मोठा स्नायू आणि ताकदवान स्नायू, हेही एक नाही. स्नायूतले किती तंतू एकाच वेळी कामाला लावायचे, हे मेंदू आणि नसा ठरवतात. म्हणूनच नव्याने वजन उचलायला लागलेल्या माणसाची ताकद पहिल्या काही आठवड्यांतच वाढते, पण आरशात काहीच फरक दिसत नाही. स्नायू अजून तेवढाच असतो, फक्त मेंदू तो नीट वापरायला शिकलेला असतो.

वय वाढतं तेव्हा स्नायूंचं काय होतं?

साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचं वजन अंदाजे ३ ते ८ टक्क्यांनी घटतं. साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्या वजनापेक्षाही जास्त वेगाने कमी होते.

यामागे तीन मुख्य कारणं आहेत. पहिलं, स्नायूंना आदेश देणाऱ्या मज्जारज्जूतल्या चेतापेशी वयानुसार कमी होतात. दुसरं, आपल्या स्नायूंत हळू काम करणारे आणि झटपट जोर लावणारे, असे दोन प्रकारचे तंतू असतात. त्यातले झटपट जोर लावणारे तंतू आधी बारीक होतात. पाय घसरल्यावर तोल सावरायला हेच तंतू लागतात. म्हणून वयस्कर माणसाला नुसता अशक्तपणा येत नाही, तर पडण्याचा धोकाही वाढतो. तिसरं, तेवढीच प्रथिनं खाऊनही म्हातारा स्नायू तरुण स्नायूइतकी बांधणी करत नाही.

या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव १९८९ मध्ये अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी दिलं. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. अमेरिकेत २०१६ मध्ये आजारांच्या अधिकृत यादीत सार्कोपेनियाला स्वतंत्र क्रमांकही मिळाला. म्हणजे 'वय झालं' म्हणून आपण जे सोडून देतो, त्याला वैद्यकशास्त्र आजार मानतं.

पण यात एक मोठी मेख आहे. 'वयामुळे' म्हणून जी घट मोजली जाते, त्यात न वापरल्यामुळे झालेली घटही मिसळलेली असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी लोकांना फक्त दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो वजन कमी झालं, तेही चरबी सोडून. आपल्याकडे ताप, चिकुनगुनिया किंवा ऑपरेशननंतर 'आजीला अजिबात उठू देऊ नका' असा प्रेमळ हुकूम निघतो. गरज नसताना ती विश्रांती लांबली, तर आजीचे पाय आजारापेक्षा विश्रांतीने जास्त जातात.

कल्याण-डोंबिवलीतल्या लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींमध्ये याचा अर्थ फार थेट आहे. गुडघ्यावरचा स्नायू गेला, की तिसऱ्या मजल्यावरचं स्वतःचं घर हीच कैद होते. मग देऊळ बंद, बाजार बंद, कट्ट्यावरच्या मैत्रिणी बंद. हालचाल कमी झाली, की स्नायू आणखी घटतात.

भारतीयांची सुरुवातच कमी भांडवलावर होते का?

याचं उत्तर पुण्यातून मिळतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तिथली बाळं युरोपातल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती. पण शरीरातली चरबी त्या मानाने कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. 'बारीक पण चरबीयुक्त भारतीय' ही कल्पना यातूनच पुढे आली.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सारखंच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

याचा आपल्याशी संबंध काय? वजनकाटा 'नॉर्मल' दाखवतो म्हणून आपण निश्चिंत राहतो. पण त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती, हे काटा सांगत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर शोषून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. स्नायू कमी असतील तर डायबेटिसचा धोका वाढतो. म्हणजे स्नायूंचा प्रश्न फक्त जिन्याचा नाही, साखरेचाही आहे.

मग हार्मोन्सची भूमिका काय?

हार्मोन म्हणजे रक्तातून फिरणारा रासायनिक निरोप. स्नायूंना बरेच निरोप येतात. त्यातले महत्त्वाचे असे:

टेस्टोस्टेरॉन: स्नायूंमध्ये प्रथिनांची बांधणी वाढवतं. पुरुषांमध्ये तिशी-चाळिशीनंतर ते सरासरी वर्षाला एक टक्क्याच्या आसपास घटतं. ही घसरण संथ असते. पोट सुटणं, अपुरी झोप, डायबेटिस यांमुळे ती जास्त होते.

इस्ट्रोजेन: हे फक्त पाळीशी संबंधित नाही. हाडं आणि स्नायू दोन्ही राखायला ते मदत करतं. पुरुषांची घसरण संथ, पण महिलांमध्ये मेनोपॉजच्या काही वर्षांत इस्ट्रोजेन झपाट्याने कमी होतं. भारतात मेनोपॉज सरासरी ४६-४७ व्या वर्षी येतो, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधी.

ग्रोथ हार्मोन आणि आयजीएफ-१: वाढीच्या वयात हे फार महत्त्वाचे असतात, पुढे हळूहळू कमी होतात.

इन्सुलिन: साखर स्नायूंत पोहोचवतं आणि स्नायूंची झीज रोखायला मदत करतं.

कॉर्टिसॉल: ताणाचं हार्मोन. थोड्या वेळासाठी उपयोगी, पण सतत वाढलेलं राहिलं तर स्नायू मोडून ऊर्जा काढली जाते.

थायरॉइड: ते फार कमी झालं किंवा फार वाढलं, तरी मांड्या आणि खांदे अशक्त होतात.

ड जीवनसत्त्व: नाव जीवनसत्त्व असलं तरी शरीरात ते हार्मोनसारखं काम करतं. ते फार कमी असेल तर जमिनीवरून उठणं आणि जिना चढणं जड जातं.

यादी वाचून वाटेल, की मग सगळा खेळ हार्मोन्सचाच आहे. पण इथेच गंमत आहे.

व्यायामाने हार्मोन वाढतं आणि त्यामुळे स्नायू वाढतात, हे खरं का?

जिममध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं, 'लेग डे कर, टेस्टोस्टेरॉन वाढेल, हात पण वाढतील.' कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने नेमकं हेच तपासलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ तरुणांनी १५ आठवडे दोन्ही हातांचा व्यायाम वेगवेगळ्या दिवशी केला. एका हाताच्या दिवशी फक्त हात. दुसऱ्या हाताच्या दिवशी, हातानंतर लगेच पायांचा जोरदार व्यायाम, म्हणजे रक्तात टेस्टोस्टेरॉन आणि ग्रोथ हार्मोनची लाट.

निकाल? दोन्ही हात सारखेच वाढले. व्यायामानंतर येणारी हार्मोनची ती छोटी लाट निर्णायक नव्हती. स्नायूवर पडलेला ताण हाच त्याच्यासाठी मुख्य निरोप होता. हार्मोन्सची पातळी निरोगी मर्यादेत असेल, तर थोड्या चढउताराने फारसं बिघडत नाही.

पण इंजेक्शनने बॉडी होते, हे तर दिसतंच ना?

होते. ते नाकारण्यात अर्थ नाही. १९९६ मध्ये डॉ. शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी निरोगी पुरुषांना दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं. ज्यांनी व्यायाम केला नाही, त्यांचेही स्नायू वाढले. ज्यांनी इंजेक्शनसोबत व्यायाम केला, त्यांच्यात चरबी सोडून सहा किलोची भर पडली.

मात्र हा डोस, टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असलेल्या रुग्णाला देतात त्याच्या साधारण सहापट होता. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळासाठी दिला गेला होता. जिमच्या लॉकर रूममध्ये ओळखीच्या 'दादा'कडून मिळणाऱ्या कुपीत काय आहे, किती आहे, हे कुणालाच माहीत नसतं. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, पुरेसं आहे, आणि तो वृषणांना काम थांबवायला सांगतो. परिणामी वृषण आकसतात आणि शुक्राणू बनणं जवळपास थांबतं. हा परिणाम इतका पक्का आहे, की १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका चाचणीत टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चक्क पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून तपासली गेली होती. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला कुपी देताना हे कुणी सांगत नाही. इंजेक्शन बंद केल्यावर शरीराचं स्वतःचं उत्पादन परत सुरू व्हायला अनेक महिने, कधी त्याहून जास्त काळ लागतो. शिवाय रक्त दाट होणं, चांगलं कोलेस्टेरॉल घटणं, हृदयावर ताण, छातीला स्त्रीसारखा उभार येणं, हे वेगळंच.

मग वयस्कर पुरुषांनी हार्मोन घ्यावं का? ६५ वर्षांवरच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ७९० पुरुषांवर अमेरिकेत चाचण्या झाल्या. २०१६ मध्ये निकाल आला. लैंगिक आरोग्यात मध्यम सुधारणा दिसली, पण चालण्याच्या क्षमतेत फारसा फरक पडला नाही. कमतरता रक्ततपासणीत सिद्ध झाली असेल, तर उपचार जरूर आहेत. पण 'थकवा येतो' म्हणून स्वतःच्या मनाने घेणं हा उपचार नाही.

इथे एक गोंधळ दूर करूया. दमा, संधिवात अशा आजारांसाठी डॉक्टर देतात ती 'स्टेरॉइड' वेगळी. ती बॉडी बनवत नाहीत. उलट जास्त काळ, मोठ्या डोसमध्ये पोटात घेतली तर मांड्यांचे स्नायू अशक्त करू शकतात. पण म्हणून ती मनाने बंद करू नका, अचानक बंद करणं धोक्याचं असतं.

व्यायाम कोणत्या वयापर्यंत उपयोगी पडतो?

१९९० मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनमधला एक अभ्यास गाजला. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी ९० वर्षांच्या दहा अशक्त लोकांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. त्या वयात त्यांचे हार्मोन्स काही तरुणपणी होते तसे नव्हते. तरीही स्नायूंनी प्रतिसाद दिला.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही आहे. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी घसरली. म्हणजे ही मुदत ठेव नाही, रिकरिंग आहे. हप्ता भरत राहावा लागतो.

महिलांसाठी ऑस्ट्रेलियातला २०१८ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. मेनोपॉज होऊन गेलेल्या, हाडं ठिसूळ व्हायला लागलेल्या १०१ महिलांपैकी निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, तीस मिनिटं, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजन उचललं. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घनता मात्र घटली.

आणि 'वजन उचललं तर पुरुषासारखी दिसेन' ही भीती? महिलांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुरुषांपेक्षा साधारण दहा ते वीस पट कमी असतं. डंबेल हातात घेतल्याने असं काही होत नाही.

आम्ही रोज चालतो, ते पुरेसं नाही का?

ठाण्यात तलावपाळीला किंवा उपवनला रोज फेऱ्या मारणारे बरेच जण आहेत. चालणं हृदय, साखर आणि मन, तिन्हीसाठी उत्तम आहे. पण रोज तेवढाच वेग, तेवढंच अंतर असेल, तर स्नायूला नवं काही शिकण्याची गरजच पडत नाही. लोकलमध्ये तासभर उभं राहिल्याने थकवा येतो, ताकद वाढत नाही.

ताकद वाढवायची तर स्नायूला सवयीपेक्षा थोडं जास्त काम द्यावं लागतं आणि ते हळूहळू वाढवत न्यावं लागतं. आपल्या तालमीतल्या जोर-बैठकांमागे हेच तत्त्व आहे. दहा बैठकांवरून वीस, मग चाळीस.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला असा: चालण्यासारख्या व्यायामासोबत आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम, आणि ६५ वर्षांवरच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत.

आपली ताकद घरच्या घरी कशी तपासायची?

हात नसलेली, साधारण गुडघ्याच्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करा. पाच वेळा पूर्ण उभं राहा आणि बसा. मोबाइलवर वेळ लावा. वयस्करांची तपासणी करताना शेजारी कुणीतरी उभं राहावं.

आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त वेळ लागला, तर स्नायूंची झीज होत असल्याची शंका घ्यावी. हाताच्या पकडीचीही मर्यादा आहे: पुरुषांसाठी २८ किलो, महिलांसाठी १८ किलो. त्याखाली पकड म्हणजे कमकुवत. ही पकड यंत्राने मोजतात, अनेक फिजिओथेरपिस्टकडे ते असतं.

पकडीला एवढं महत्त्व का? भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या अभ्यासात, पकड दर पाच किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. हा संबंध रक्तदाबापेक्षाही ठळक होता. अर्थात, नुसता स्प्रिंगचा ग्रिपर दाबून आयुष्य वाढत नाही. पकड ही एकूण ताकदीची खूण आहे.

सुरुवात कशी करायची?

जिमची फी परवडत नसेल तरी चालेल. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक-दोन दिवसांचं अंतर ठेवून:

- खुर्चीतून उठ-बस. हातांचा आधार लागत असेल तर तिथून सुरुवात करा.
- भिंतीवर हात टेकून जोर. जमले की ओट्यावर, मग जमिनीवर.
- रेलिंग धरून टाचा उचलणं.
- दोन्ही हातांत दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन घरात फेऱ्या.
- ओट्याजवळ उभं राहून एका पायावर तोल.

प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा, असे दोन-तीन सेट. शेवटचे दोन करताना कष्ट पडले पाहिजेत, पण दुखता कामा नये. बारा सहज व्हायला लागले, की वजन वाढवा. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा अलीकडचं ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आणि जेवण?

भारतात प्रौढांसाठी रोज, शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. वयस्करांनी १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट सुचवतात. ६० किलोच्या आजीसाठी हे साधारण ६० ते ७२ ग्रॅम झालं. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांनी सांगितलेलंच प्रमाण पाळा.

आपलं ताट पाहा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६-७, पेलाभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यांत ७-८, शंभर ग्रॅम मासळीत १८-२० ग्रॅम. चहा-बिस्किटाच्या नाश्त्यात आणि रात्रीच्या वरण-भातात एवढं बसत नाही. संध्याकाळच्या चहासोबत फरसाणऐवजी शेंगदाणे किंवा उसळ, ही सुरुवात पावडरच्या डब्यापेक्षा स्वस्त आहे. मात्र व्यायामाशिवाय नुसती प्रथिनं खाऊन ताकद फारशी वाढत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

अशक्तपणा अचानक आला, शरीराच्या एकाच बाजूला आला किंवा बोलणं अडखळलं, तर थेट हॉस्पिटल गाठा. काही आठवड्यांत वजन विनाकारण घटलं, स्नायूंच्या दुखण्यासोबत लघवी गडद झाली, वारंवार तोल जाऊ लागला, तरी थांबू नका. थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व या साध्या तपासण्यांत अनेकदा उपचार होण्यासारखं कारण सापडतं.

या रविवारी घरातल्या सगळ्यांची खुर्चीची चाचणी घ्या, आई-बाबांची आणि स्वतःचीही. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. आठवड्यातून दोनदा व्यायाम करून दोन महिन्यांनी पुन्हा वेळ लावा.